पन्नास हजारांची भिशी आणि एक ग्राफिक्स कार्ड

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा सुटली, घरी येऊन आम्ही चपला काढतो न काढतो तोच गल्लीतल्या एक आपा दारात उभ्या. सोबत त्यांची लेक. ती आमचीच विद्यार्थिनी, दोन वर्षांपूर्वी बारावी झालेली. आपा शिवणकाम करतात, घर त्यावरच चालते. लेकीने वर्षभर एका छापखान्यात बसून उर्दू आणि मराठी टायपिंग, निकाहच्या पत्रिका, पावतीपुस्तके, शाळांची माहितीपत्रके असे काम शिकून घेतले. आता छापखानावाले घरी बसून काम द्यायला तयार आहेत, फक्त कॉम्प्युटर स्वतःचा हवा. आपांचा भिशीचा नंबर लागला होता. पन्नास हजार रुपये.

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. दुकानदाराचे कोटेशन होते.

"सर, सगळं इंग्रजीत आहे. एकदा बघून द्या. हे पैसे पुन्हा पुन्हा नाही यायचे."

आम्ही बघितले. एकूण रक्कम ४९,५००. इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅमची एक पट्टी, ५१२ जीबीची एसएसडी, रंगीत दिवे लागणारे कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माऊस आणि "जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड, २ जीबी". कार्डापुढे ३,८०० रुपये लिहिलेले आणि पेनाने त्याखाली रेघ मारलेली. दुकानदाराने मुलीला सांगितले होते की डिझाइनचे काम आहे, म्हणजे कार्ड पाहिजेच.

हा प्रश्न आम्हाला वर्षातून चार-सहा जण तरी विचारतात. शाळेत कॉम्प्युटरचे काम निघाले की आमच्याकडेच येते, त्यामुळे गावाचा असा समज आहे की आम्हाला यातले सगळे कळते. कळते ते थोडेफार चुकून-माकून शिकलेले आहे. पण या एका प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आम्ही एकेकदा चुकलो आहोत, म्हणून त्यावर बोलायचा थोडा अधिकार आहे.

आधी साधी गोष्ट. पडद्यावर जे काही दिसते, अक्षर असो की चित्र, ते कुणीतरी काढून मॉनिटरकडे पाठवावे लागते. ते काम करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स. पूर्वी तो बोर्डावर वेगळा बसवलेला असे, म्हणून दुकानात अजूनही "ऑनबोर्ड" म्हणतात. २०११ च्या सुमारापासून इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी तो प्रोसेसरच्याच पोटात घालायला सुरुवात केली. आता ज्याला ऑनबोर्ड म्हणतात ते खरे तर प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स. दुसरा प्रकार म्हणजे बोर्डाच्या लांब स्लॉटमध्ये बसणारे वेगळे कार्ड. त्याची स्वतःची मेमरी असते, स्वतःचा पंखा असतो आणि अर्थातच स्वतःची किंमत असते.

घोळ इथे होतो. प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नसते. इंटेलच्या नावाच्या शेवटी "एफ" असेल तर त्यात ग्राफिक्स नाही असे समजावे. १२४०० मध्ये आहे, १२४००एफ मध्ये नाही. बाकी दोन्ही सारखेच, सहा कोअर. एएमडीचे उलटे आहे. त्यांच्या ५००० च्या मालिकेत ५६००, ५६००एक्स यांना ग्राफिक्स नाही. ज्यांच्या शेवटी "जी" आहे, जसे ५६००जी, त्यांना आहे, आणि चांगले आहे. पुढच्या ७००० च्या मालिकेत त्यांनी बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांना पडदा चालवण्यापुरते छोटे ग्राफिक्स दिले, पण तिथेही ७५००एफसारखा एफवाला निघतोच. एका अक्षराचा हा खेळ. गंमत अशी की बोर्डावर मागच्या बाजूला एचडीएमआयचे भोक मात्र सगळ्यांनाच असते. त्यामुळे माणसाला वाटते, भोक आहे म्हणजे चित्र येणार.

आम्हालाही असेच वाटले होते. २०२१ मध्ये शाळा ऑनलाइन होत्या, घरात शिकवणारे एक आणि शिकणारी दोन मुले, मोबाइलवर कुणाचे भागेना. जोडून घेतलेला कॉम्प्युटर आणला. आय३-१०१००एफ. बिगर-एफपेक्षा स्वस्त पडला म्हणून आम्ही खूश होतो. घरी आणून वायरी लावल्या, पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. वायर बदलली, मॉनिटर बदलला, शेजाऱ्याचा टीव्हीसुद्धा लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुकानदार शांतपणे म्हणाला, "सर, याला कार्ड वेगळं घ्यावं लागतं ना." विकताना हे वाक्य त्याला आठवले नव्हते. आणि ते वर्ष कार्डांच्या टंचाईचे. जगभर चिप मिळेनात, क्रिप्टोवाले कार्डे उचलून नेत, साध्या कार्डाचे भावही चढलेले. आम्ही एक वापरलेले कार्ड घेतले. त्याचा पंखा दळणाच्या गिरणीसारखा वाजायचा. तासाला मुले विचारायची, "सर, पाऊस पडतोय का तुमच्याकडे?" दुसऱ्या उन्हाळ्यात ते बंद पडले. वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट गेले.

म्हणून आपांच्या कागदावर "एफ" दिसला आणि आमच्या छातीत धस्स झाले. तिथे दुकानदाराने कार्ड दाखवले होते, म्हणजे पडदा काळा राहिला नसता. पण ते कार्ड मुळात कशासाठी होते? प्रोसेसरमधून ग्राफिक्स काढून टाकल्यामुळे जो खड्डा पडला तो बुजवायला. डिझाइनचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

जीटी ७१० हे कार्ड २०१६ मध्ये बाजारात आले, आणि त्याच्या आतली रचना त्याहूनही जुनी, २०१२ च्या काळातली. एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर काढणे २०२१ मध्येच थांबवले; त्यानंतर फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या दिल्या, त्याही २०२४ पर्यंत. आजचे व्हिडिओ ज्या पद्धतींनी दाबून पाठवले जातात त्या उलगडायची सोयही त्यात नाही, म्हणून तो भार पुन्हा प्रोसेसरवरच पडतो. याउलट १२४०० किंवा त्याच्या धाकट्या भावाच्या, आय३-१२१०० च्या पोटात जे यूएचडी ७३० नावाचे ग्राफिक्स आहे, त्याला हे सगळे येते. म्हणजे पैसे देऊन घेतलेले कार्ड फुकट मिळणाऱ्या ग्राफिक्सहून मागे.

"पण त्यात दोन जीबी आहे ना सर?" मुलीने विचारले. प्रश्न बरोबर होता, कारण विकणारे तेवढाच आकडा मोठ्याने सांगतात. आम्ही तिला म्हटले, तुझ्या अम्मीला विचार, पातेले मोठे असले म्हणून बिर्याणी लवकर होते का? आच किती आहे ते बघायचे. कार्डाची आच म्हणजे मेमरीतून दर सेकंदाला किती माहिती ये-जा करते. त्या कार्डाच्या डीडीआर३ मेमरीत ती सेकंदाला सुमारे १४ जीबी. साध्या डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या तर ५१ जीबी.

आणि इथे त्या कोटेशनमधली दुसरी चूक. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते कॉम्प्युटरच्या रॅममधूनच आपला वाटा घेते. त्यामुळे रॅम कशी लावली याला फार महत्त्व आहे. एक पट्टी लावली तर वेग २५.६ जीबी, त्याच मापाच्या दोन लावल्या तर दोन वाटा उघडतात आणि तो दुप्पट होतो. १६ जीबीची एक पट्टी आणि ८-८ च्या दोन पट्ट्या यांत रुपयांचा फरक थोडा, पण अंगभूत ग्राफिक्सवर काम करणाऱ्याला फरक डोळ्यांनी दिसतो. ८ जीबीची एकच पट्टी तर आता नकोच. विंडोज, ब्राउझर, वर कोरल, आणि त्यातूनच ग्राफिक्सचा वाटा. मग पत्रिका उघडायला वेळ लागला की लोक म्हणतात, बघा, कार्ड नाही ना म्हणून. दोष रॅमचा असतो, नाव कार्डाचे होते.

मुलीचे काम काय? इनपेजमध्ये नस्तालीक, कोरलड्रॉमध्ये मांडणी, फोटोशॉपमध्ये एखादा फोटो स्वच्छ करणे, पीडीएफ करून छापखान्याला धाडणे. नस्तालीकचे अक्षर दिसायला कितीही नाजूक असो, ते पडद्यावर काढायला अंगभूत ग्राफिक्सला काहीच पडत नाही. हेच टॅली, एक्सेल, शिकवणीचे व्हिडिओ कॉल, प्रोग्रामिंगचा अभ्यास, दुकानाचे बिलिंग, दोन मॉनिटर लावून एकावर मजकूर आणि दुसऱ्यावर मांडणी, या सगळ्यांचे. घरात पाहुण्यांसमोर सिनेमा लावायचा असेल तर तेही होते. इथे कार्ड घेणे आम्ही इसराफ समजतो, आणि तसे तोंडावर सांगतो.

पण थांबा. आता आमची दुसरी चूक.

आमचा एक भाचा पुण्यात आर्किटेक्चर शिकतो. प्रवेश झाला तेव्हा त्याच्या अब्बांनी आम्हाला विचारले, "तुम्ही सांगा, हा कार्डवालाच मागतोय. खरंच लागतं का?" आम्ही फार विचार न करता सांगून टाकले की कार्ड गेमवाल्यांना लागते, अभ्यासाला नाही. झाले. मास्तरांनी सांगितले म्हणजे शिक्कामोर्तब. रायझन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम. पहिली दोन वर्षे ऑटोकॅडचे सपाट नकाशे, स्केचअप. कसलीही तक्रार नाही. आम्ही मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. तिसऱ्या वर्षी थ्रीडी रेंडर सुरू झाले. म्हणजे इमारत उभी राहिल्यावर भिंतीवर ऊन कसे पडेल, काचेत काय दिसेल, हे चित्र कॉम्प्युटरने मोजून मोजून काढायचे. तो ब्लेंडर वापरायचा. त्याच्या अंगभूत ग्राफिक्सला ते काम जमत नव्हते, सगळा भार प्रोसेसरवर. एक चित्र रात्रभर. मध्ये वीज गेली की पहिल्यापासून.

मुलाने घरी काही सांगितले नाही. मित्राच्या खोलीवर कार्डवाला कॉम्प्युटर होता, तो मित्र झोपला की हा तिथे जाऊन बसायचा, फजरच्या अजानीपर्यंत. परीक्षकांसमोर मांडायच्या दिवशी त्याच्या एका पाटीवर चित्र अर्धेच होते. हे आम्हाला त्याच्याकडून नाही, त्याच्या बहिणीकडून कळले. आम्ही फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मामू, तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी परत मागितलं नाही. अब्बांना वाटलं असतं की गेमसाठी मागतोय."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सल्ला विचारणारा आपल्याकडे अमानत ठेवतो, आणि आम्ही ती न बघता खिशात टाकली होती. आम्ही एक प्रश्न विचारायला हवा होता: बेटा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोणकोणती सॉफ्टवेअर लागणार आहेत? कॉलेजच्या सीनियरला विचारून ये. बस, एवढेच.

नंतर त्याला आरटीएक्स ३०६० घेतले, १२ जीबीचे. भाऊजींनी अर्धे दिले, अर्धे आम्ही. आमचा दंड समजा. त्यातही एक धडा मिळाला. ते कार्ड १७० वॅटचे, त्याच्यासाठी कंपनीच साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस सांगते, आणि जुना होता साडेचारशेचा. तोही बदलावा लागला. बसवून झाल्यावर मुलाने घाबरून फोन केला की काही फरकच नाही. मॉनिटरची वायर जुन्याच जागी, बोर्डाच्या भोकात होती. कार्ड बसवले की वायर कार्डाला लावायची. ही चूक इतके लोक करतात की आता आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो. मग जे चित्र रात्रभर खायचे ते मेसमधून जेवून येईपर्यंत तयार होऊ लागले.

तर वेगळे कार्ड कुणाला लागते, ते आता आम्ही असे सांगतो. ब्लेंडर, ल्युमियन, ट्विनमोशन यांसारखी रेंडरची कामे करणाऱ्याला. लग्नाचे व्हिडिओ दाविंची रिझॉल्व्हवर रंगवून, मोठ्या मापात संपादित करून पोट भरणाऱ्याला. आणि कॉम्प्युटर सायन्सच्या ज्या मुलांना मशीन लर्निंगचे प्रयोग घरीच करायचे आहेत त्यांना. या शेवटच्या दोन-तीन प्रकारांत बरेच काम एनव्हिडियाच्या कूडा नावाच्या पद्धतीवर चालते, म्हणून तिथे कार्डही त्याच कंपनीचे बघावे लागते. लहान-सहान व्हिडिओ कापून जोडणाऱ्याला मात्र इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स पुष्कळ मदत करते, त्यात व्हिडिओ बांधणे-उलगडणे यासाठी क्विक सिंक नावाची वेगळी सोयच आहे. आणि गंमत बघा, जीटी १०३० नावाचे कार्ड दुकानात "एडिटिंगसाठी" म्हणून खपवतात, त्यात व्हिडिओ बांधायची ती सोयच नाही. घ्यायचे तर कामाचे घ्या, नाही तर मुळीच नको. मधले, पडून राहिलेले, दोन-चार हजारांचे नवे कार्ड ही सगळ्यात वाईट खरेदी.

वापरलेल्या कार्डांबद्दलही लोक विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे ढिगाने बाजारात आली. त्यातली काही अजून फिरत आहेत. सगळी वाईट असतात असे नाही, पण बिल आणि शिल्लक वॉरंटी दाखवल्याशिवाय आम्ही तरी हात लावणार नाही.

आई-वडिलांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. "कार्ड दिलं नाही म्हणजे पोरगा गेम खेळणार नाही" हा हिशेब चुकीचा आहे. आजच्या अंगभूत ग्राफिक्सवर, विशेषतः त्या "जी"वाल्यांवर, पुष्कळ गेम चालतात, आणि नाही चालले तर मोबाइल आहेच. खेळावर लक्ष ठेवायचे तर कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत ठेवा, मुलाशी बोला. ते काम यंत्रातला एक भाग कमी करून होत नाही. आमच्या भाच्याच्या बाबतीत झाले ते हेच: संशयामुळे त्याने गरज सांगितली नाही.

ज्यांना आज नक्की माहीत नाही की पुढे काय लागेल, त्यांच्यासाठी रस्ता सोपा आहे. आज अंगभूत ग्राफिक्सवाला प्रोसेसर घ्या. बोर्डावरचा लांब स्लॉट रिकामा राहील, तो कुठे जात नाही. दोन वर्षांनी गरज पडली तर कार्ड त्यात बसते, आणि तेव्हाच्या पैशांत तेव्हाचे कार्ड मिळते. फक्त एसएमपीएस चांगल्या कंपनीचा आणि थोडा मोठा घेऊन ठेवावा. एफवाला घेऊन ठेवलात तर कार्ड बिघडल्या दिवशी कॉम्प्युटर बंद, पोरीचे काम बंद. अंगभूत असेल तर वायर बोर्डाला लावून कार्ड दुरुस्तीला पाठवता येते.

आपांचा कागद आम्ही पुन्हा लिहून काढला. आय५-१२४००एफ च्या जागी आय३-१२१००, शेवटी एफ नसलेला. हजार रुपये कमी. पत्रिकांच्या कामाला चार कोअर पुरतात, आणि पुढे हवा तर त्याच बोर्डावर आय५ बसतो. कार्ड रद्द, ३,८०० वाचले. दिवेवाले कॅबिनेट बदलून साधे, १,५०० कमी. ८ जीबीच्या एका पट्टीऐवजी दोन, १,८०० वाढले. आणि यादीत नसलेला २,८०० चा यूपीएस घातला, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. बेरीज ४७,८००. बोर्डाला व्हीजीएचे भोक आहे का तेही विचारायला सांगितले, कारण छापखान्याचा एक जुना मॉनिटर तिला मिळणार होता, दुसरा पडदा म्हणून.

दुकानदार आधी कुरकुरला. "सर, कार्डाशिवाय डिझाइन होत नाही." आम्ही म्हटले, तुमच्याच दुकानात १२१०० वर कोरल लावून दाखवा, अडखळले तर कार्ड लगेच घेऊ. त्याने लावले. मुलगी खुर्चीवर बसली, पेनड्राइव्हमधली छापखान्याची सर्वांत जड फाइल उघडली, मोठी केली, लहान केली, सरकवली. दुकानदार पाच मिनिटे मागे उभा राहून बघत होता. मग त्याने काही न बोलता नवीन बिल करायला घेतले. भला माणूस, जाताना माऊसपॅड तसाच दिला. घरी गेल्यावर पडदा जरा जड चालला, तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहिल्यामुळे. इंटेलचा ड्रायव्हर उतरवून टाकला, संपले.

२,२०० रुपये उरले. आपांनी त्यातून मशीनची मोटर दुरुस्त करून घेतली. परवा त्यांची लेक पहिल्या कामाचा नमुना दाखवायला आली होती, एका बाजूला उर्दू आणि एका बाजूला मराठी असलेली निकाहची पत्रिका. आम्ही चष्मा लावून वाचली. मराठी बाजूला "आशीर्वाद" मधला रफार "श" वर पडला होता. तेवढा आम्ही लाल पेनने दुरुस्त करून दिला.